लाल साडी आणि हिरवे ठिपके

हरभऱ्याला पाणी म्हणजे आमच्याकडे रात्रीचं काम, कारण थ्री फेजची लाईन येते तीच मुळी बारा-साडेबाराला. कपाळाला बॅटरी बांधून वावरात शिरलं की ढेकळांमधे बारीक हिरवट ठिपके चमकतात, आधी वाटायचं दव आहे, पण दव कशाला पळेल? वाकून पाहिलं तर कोळी. जाळं न विणता जमिनीवर शिकार करणारे, लांडगा कोळी म्हणतात त्यांना. आठ डोळे, त्यातल्या काहींच्या मागे आरशासारखा थर, म्हणून मांजरीसारखे चमकतात. एकीच्या पाठीवर तर पिल्लांचा ढीग होता, ती हलली की दोन-चार घसरायची अन् तिच्याच पायावरून परत वर चढायची.

एवढासा जीव अंधारात हिंडून घरी कसा जात असेल, म्हणून वाचायला घेतलं. बिळात राहणारे काही कोळी आपण किती चाललो, कुठे वळलो याचा हिशेबच ठेवतात म्हणे. आणि आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात एक कोळी आहे, त्याचा नर मादीच्या शोधात रात्री शेकडो मीटर भटकतो आणि वाळूतल्या आपल्याच बिळाशी परत येतो! त्याचे डोळे रंगाने झाकले तर मात्र वाट चुकतो. म्हणजे जाताना काहीतरी खूण बघून ठेवत असणार.

आता माझं ऐका. आमच्या धुऱ्यावरची बाभूळ मागच्या उन्हाळ्यात तोडली, तेव्हापासून रात्री आपलं वावर कुठे संपतं तेच कळेना, म्हणून मी तिथे तुराट्या रोवून आईची जुनी लाल साडी बांधली. आठवडाभर मस्त चाललं. मग एका रात्री स्प्रिंकलरचा पाइप खांद्यावर घेऊन साडीच्या नेमाने सरळ चालत गेलो तर अंगाला तुरीच्या शेंगा लागायला लागल्या. आमच्या वावरात तूर नाहीच ना यंदा!

टिनबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या आसपास एका गांधीलमाशीची अशीच गंमत केली होती. जमिनीतल्या तिच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं रिंगण मांडलं, ती बाहेर गेल्यावर रिंगण तेवढं बाजूला सरकवलं, बाई परत आल्या त्या थेट रिकाम्या रिंगणात. पुढे १९७३ च्या नोबेलमधे त्याला वाटा मिळाला. आमच्या बाबाला कोण देते?

"तिकडून रानडुकरं येतात, म्हणून साडी तिकडं बांधली," बाबा म्हणे. सांगायचं तरी ना, म्हटलं.

"अबे, जलमापासून या वावरात हिंडतं तू, साडी कायले पाह्यतं?"

पाइप अजून शेजाऱ्याच्या तुरीतच पडला आहे, उजेडात आणीन.