सातबारा चोख, जमीन दुसरीच

मी मूळचा पुण्याचा. गाड्यांचं शिकायला इटलीत तुरीनला आलो आणि इथेच चिकटलो, पण गाड्या बनवायच्या सोडून आता जुन्या गाड्यांचे मालक शोधत बसतो. म्हणजे कोणी जुनी अल्फा, लान्चिया विकायला काढली की घेणाऱ्याच्या वतीने तिची कुंडली काढायची, हे आमचं काम. आईला अजून कळलेलं नाही की याचे पैसे कोण देतं.

गेल्या वर्षी एक जर्मन गिऱ्हाईक आलं. त्याला अल्फा रोमिओ जुलिएत्ता स्पायडर, म्हणजे उघड्या टपाची छोटी गाडी, घ्यायची होती, 1290 सीसी, पिनिनफारिनाची बॉडी, लाल (विकायला काढलेली प्रत्येक इटालियन गाडी लालच असते, तो भाग वेगळा). जाहिरातीत ठळक लिहिलेलं, 1957चं मॉडेल, मालकीचा पूर्ण इतिहास उपलब्ध. आता 1957च का, तर मिल्ले मिल्या ही शर्यत 1927 ते 1957 एवढीच झाली आणि आज तिच्या नावाने जी जुन्या गाड्यांची रॅली निघते तिच्यात त्या काळात धावलेली मॉडेलंच घेतात. त्यामुळे 57ची आणि 59ची, लांबून बघितलं तर बहिणी बहिणी, पण किमतीत चांगलाच फरक पडतो.

इथे गाड्यांच्या मालकीची नोंद पीआरए नावाच्या रजिस्टरात असते, तेही 1927 पासूनचं, चालवतो ऑटोमोबाइल क्लब. त्यातून जो कागद मिळतो त्याला म्हणतात एस्त्रात्तो क्रोनोलॉजिको. एस्त्रात्तो म्हणजे उतारा! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं, गाडीचा सातबारा आणि फेरफार एकाच कागदावर. पूर्वी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नंबरप्लेटच बदलायची, त्यामुळे मिलानच्या प्लेटवरून बेर्गामोची, तिच्यावरून तुरीनची असं एकेक पायरी मागे जावं लागतं, आणि जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या, अक्षर अगदी तलाठ्याचं.

या गाडीचा उतारा मात्र बघत राहावा असा. चार मालक, एकही तारीख गाळलेली नाही. 1974ला नवरा गेल्यावर बायकोच्या नावावर वारस नोंदसुद्धा. मिलानजवळ आरेजेला अल्फा कंपनीचं जुन्या नोंदींचं आर्काइव्ह आहे, त्यांनीही चॅसी नंबरावरून सांगितलं की हो, 1957चीच, रंग तेवढा मुळात पांढरा होता. मी खूश होऊन गिऱ्हाइकाला मेल टाकला, कागद एकदम क्लीन आहेत. गाडी अजून बघितलीसुद्धा नव्हती. गाढवपणा, दुसरं काय.

मग आस्तीजवळच्या एका गावात गेलो. विकणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे, त्यांनी आधी कॉफी पाजली, मग गॅरेजचं शटर वर केलं. गाडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. मी दाराची काच खाली करायला गेलो आणि हात तिथेच थांबला, कारण काचेच्या पुढे ती छोटी तिकोनी काच होती, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला असायची तशी, वारा आत घ्यायची. 57च्या स्पायडरला ती नसते. 59मध्ये मॉडेल बदललं तेव्हा ती आली, आणि त्याच वेळी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2200 मिलिमीटरवरून 2250 झाला.

म्हटलं, कोणी दारं बदलली असतील. टेप काढली. एक टोक आजोबांनी मागच्या चाकाच्या मधोमध धरलं, दुसरं मी पुढच्या. 2250. दुसऱ्या बाजूने, तेच. बोनेट उघडून चॅसी नंबरावर बॅटरी मारली, बरोबर 1495ने सुरू होणारा, अगदी उताऱ्यातला. पण त्या पत्र्याभोवती बोट फिरवलं तर रंगाखाली वेल्डिंगची बारीक कड लागत होती, चौकोनी. नंबर 57च्या गाडीतून कापून 59 नंतरच्या गाडीत बसवलेला. कधीतरी कोणाकडे कागद चांगले आणि सांगाडा सडका असेल, दुसरीकडे उलटं, आणि दोघांचं लग्न लावून दिलं. इतके सगळे खरे शिक्के पडले, पण शिक्का मारणाऱ्यापैकी कोणी टेप लावली नाही (मीसुद्धा मेल टाकताना कुठे लावली होती).

आजोबांना सांगताना माझाच घसा कोरडा पडला. त्यांनी वीस वर्षांपूर्वी याच कागदांवर विश्वास ठेवून घेतली होती, आणि ते खोटं बोलत असावेत असं मला एकदाही वाटलं नाही. ते बराच वेळ टेपचं टोक हातात धरून उभे होते. मग माझ्या फाइलमधला उतारा मागितला, चष्मा लावला, आणि त्या 1974च्या बाईंच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "मग हिची गाडी कुठे आहे?"

बहुतेक भंगारात, असं मनात आलं. तोंडाने म्हणालो, शोधावं लागेल.

"त्याची फी किती घेता?"