तुम्ही विचारलंत म्हणून: घरात बसवलेल्या वीज-मॉनिटरचा आकडा वीज कंपनीच्या मीटरशी जुळत का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: यंत्र भंगार आहे. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, बसवणं चुकलेलं असतं.

साध्या चुका आधी उरकतो. क्लॅम्पमध्ये, म्हणजे प्रवाह मोजायला वायरीभोवती बसवायच्या मॉनिटरच्या चिमट्यात, फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी घेतल्या तर आकडा शून्याजवळ येतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. जबडा केसभर उघडा राहिला तर आकडा कमी येतो. व्होल्टेज न मोजणारं मॉडेल 230 व्होल्ट धरून चालतं. प्रत्यक्षात 215 असेल तर तिथेच सात टक्के जास्त.

खरा घोळ थ्री फेजमध्ये. एका फेजवरच्या क्लॅम्पला व्होल्टेज दुसऱ्याच फेजचं जोडलं की दोन्हींत 120 अंशांचा फरक पडतो. 2,000 वॅटचा गीझर मग उणे 1,000 दाखवतो. अशा वेळी ‘उणे दिसतंय ना, क्लॅम्प उलटा करा’ असं मीच सांगत आलो. सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता, आणि अर्धवट सल्ला जास्त नडतो. क्लॅम्प उलटा केला की अधिक 1,000 दिसतात, सगळे खूश, आणि अर्धी वीज हिशेबातून गायब. मोटरचं तर विचारूच नका. पॉवर फॅक्टर (प्रवाह व्होल्टेजच्या किती मागे पडतो त्याचं माप) 0.87 च्या आसपास असेल तर ती एका चुकीच्या फेजवर जवळपास शून्य दाखवते आणि दुसऱ्या चुकीच्या फेजवर, क्लॅम्प उलटा केला की, जवळपास बरोबर! म्हणून पंप लावून तपासणी करू नये.

तपासणी गीझरवरच करा. बाकी सगळं बंद. मीटरचा लाल दिवा बघा. शेजारी प्रति युनिट किती पल्स ते छापलेलं असतं. समजा 3,200. एका लुकलुकीला शून्य म्हणून पुढच्या दहा मोजा. 5.6 सेकंद लागले तर 3,60,00,000 (एका युनिटचे 36,00,000 वॅट-सेकंद गुणिले दहा) भागिले (3,200 गुणिले 5.6), म्हणजे साधारण 2,000 वॅट. मॉनिटर याच्या निम्मा दाखवत असेल तर क्लॅम्प आणि व्होल्टेज यांच्या फेजची जोडी बदला. प्रत्येक फेजवर वेगळी तपासणी हवी. डीबी (घरातली स्विच-फ्यूजची पेटी) उघडायला इलेक्ट्रिशियनच बोलवा. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या वायरी जिवंत असतात.

एवढं करूनही रात्रीच्या स्टँडबायचा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाच वॅट म्हणजे 0.02 अँपिअर, 100 अँपिअरच्या क्लॅम्पसाठी ती कुजबुजच. तुम्ही म्हणाल, मॉनिटर घेतला तो त्यासाठीच. कबूल. पण टीव्हीच्या त्या पाच वॅटांसाठी सॉकेटमध्ये खोचायचा छोटा मीटर घ्या.