विनिपेगच्या दोन बहिणी आणि ते ‘औषध’

कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबा प्रांतात फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी लुई रिएलच्या नावाची सुट्टी असते. इथल्या पहिल्या वर्षी मी ती झोपून काढली. रिएल हा मेटी लोकांचा पुढारी, 1885 साली त्याला फाशी दिलं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. मेटी म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांतून घडलेला समाज.

यंदा त्याच सुट्टीत ‘इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री’ वाचली. बीॲट्रिस कल्टनची 1983 ची कादंबरी, आमच्याच विनिपेग शहरातली. आईबाप दारूत बुडालेले, म्हणून सरकार दोघी मेटी बहिणींना उचलून वेगवेगळ्या फॉस्टर घरांत, म्हणजे परक्या कुटुंबांत, ठेवतं. एप्रिल उजळ, गोऱ्यांत सहज खपणारी. एका घरात तिची जवळजवळ मोलकरीण होते, आणि ती ठरवून टाकते: मोठेपणी गोरी म्हणूनच जगायचं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, जात चोरणं. (बाबुराव बागुलांची कथा आठवली ना?) धाकटी चेरिल सावळी. तिला चोरायची सोयच नाही. ती रिएलवर लिहून बहिणीला पाठवते, आपल्या लोकांचा अभिमान धरते.

अर्ध्या पुस्तकापर्यंत मी चेरिलच्या बाजूने होते. एप्रिलचा तर रागच यायचा. पण सुरुवातीला एक साधी गोष्ट येऊन गेली होती: आईबाप पितात ते औषध, असं या पोरींना वाटायचं. ती दारू आहे हे एप्रिलला आधी कळलं. धाकटीला लागेल म्हणून ती गप्प बसली. चेरिलचा सगळा अभिमान त्या गप्प बसण्यावर उभा होता! पुढे तिला वडील सापडतात, आणि तो अभिमान कोसळतो. मग तीही बाटलीला लागते, आणि आईसारखाच जीव देते.

म्हणजे मला पळपुटी वाटलेली बहीणच चेरिलच्या स्वप्नाची राखण करत होती, आणि त्या राखणीनेच घात केला. दोघींतली कोण खरी, कोण खोटी, हा माझा हिशोब तिथेच विस्कटला. लेखिका स्वतः मेटी, फॉस्टर घरांत वाढलेली. तिच्या दोन बहिणींनी आत्महत्या केली. हे वाचल्यावर पुस्तक दोन दिवस उघडवेना.

शेवटी एप्रिलला चेरिलचा लहानगा भेटतो. नाव आजोबांचंच, हेन्री. त्याच्याकडे बघताना तिच्या मनात पहिल्यांदा ‘माझी माणसं’ असे शब्द येतात. मी मात्र अजून तिथेच अडकले आहे: आजीआजोबा काय प्यायचे, हे ती त्याला सांगेल का?