पडली होती का?

रविवार, रात्र

सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी एवढंच विचारलं होतं, "पडली होती का?" आणि मी म्हटलं, "नाही." आठवून बघायलासुद्धा थांबले नाही. सायकल घरी आणून गॅलरीत टेकवली, हाताचं ग्रीस धुतलं, आमटी गरम केली, सगळ्यांची जेवणं झाली. ते 'नाही' मात्र अजून गेलेलं नाही.

लिहून काढते. क्रम तरी लागेल.

सायकल पुरी झाली त्या शनिवारी. फ्रेम दादाची, बाकी सगळं सहा महिन्यांत एकेक करून जमवलेलं. शिमानो कंपनीचा 105 नावाचा गिअरचा संच, मागे अकरा गिअर, कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, 11 ते 32 दात्यांची, कारण बोपदेव घाट चढताना माझ्या गुडघ्यांना 28 दाते पुरत नाहीत. आउटर, म्हणजे केबलवरची कवचं, मी कापले, केबल मी ओवली, चेन दोनदा मोजून मी तोडली. स्टँडवर लावून पॅडल फिरवलं तर चेन अकराच्या अकरा चकत्या चढली आणि तशीच उतरली, कुठे अडखळली नाही. त्या आवाजाने डोळ्यांत पाणी आलं. दादाला फोन करावासा वाटला. केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटात पहिल्याच कडक चढाला 22 वरून 25 वर टाकलं तर चेन दोन मिनिटं नुसती कुरकुरत राहिली, आणि मी उठून जोर लावल्यावर आपली आपण घसरली. पुढे 32 वर टाकलं तेव्हा मागून बारीक टिक-टिक ऐकू आली. आरडीची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या डिरेल्युअरची, केज (चेन धरणारी खालची चौकट) स्पोकला घासत होती. तिथेच उतरले. केज स्पोकमध्ये गेली असती तर आरडी, चाक आणि कदाचित मीही, काय झालं असतं ते लिहीत नाही.

मग सुरू झाले हे पंधरा दिवस.

नवी केबल बसायला थोडा वेळ घेते हे सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. केबल ताणली जाते असं म्हणतात, पण खरं म्हणजे आउटरची टोकं टोप्यांमध्ये घट्ट बसतात आणि तेवढी ढील पडते. म्हणून केबलचा ताण कमी-जास्त करणारा बॅरल ॲडजस्टर पाव-पाव फिरवत गेले. लहान चकत्या जुळल्या की मोठ्या कुरकुरायच्या, मोठ्या जुळवल्या की 13 वरून 12 वर चेन उतरायलाच तयार नाही. अकरा गिअरच्या कॅसेटवर एका चकतीपासून दुसरीचं अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असतं. एवढ्याशा जागेत चूक कुठे लपत असेल असं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की एवढीशी जागा आहे म्हणून तर केसाएवढी चूकही खपत नाही.

एक चूक सापडलीसुद्धा. मागच्या आउटरचं टोक कापताना आतली प्लॅस्टिकची नळी चेपली गेली होती. दाभणाने तोंड मोकळं केलं, टोक कानशीने सपाट केलं, केबलही नवी घातली. लहान चकत्यांवर उतरणं लगेच सुधारलं. त्या रात्री शांत झोपले. सकाळी घाटात पुन्हा तेच.

या पंधरा दिवसांत मला फार एकटं वाटलं. सायकलसाठी एवढं वाईट वाटतं हे कुणाला सांगायचं? घरात कुणी विचारलंही नाही की होतंय का गं नीट. धाकटी तर सायकलच्या वाऱ्यालाही उभी राहीना. आधी चेनची कडी हातात द्यायला, दाते मोजायला पुढे-पुढे करायची, आता गॅलरीत जायचं झालं तर भिंतीला अंग चोरून जायची. मला वाटलं, तिचा उत्साह संपला. आईची सायकल झाली, संपलं कौतुक. हे मनाला फार लागलं, आणि मी ते तिला दाखवूनही दिलं. दोनदा विनाकारण ओरडले तिच्यावर.

आज शेवटी काकांकडे नेली. त्यांनी बॅरलला हात लावला नाही, केबल बघितली नाही. मागे जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि आरडीच्या दोन पुल्या, चेन जाते ती लहान चाकं, चकतीच्या रेषेत आहेत का ते पाहिलं. नव्हत्या. खालची आत कललेली. आणि मग तो प्रश्न.

माझं 'नाही' ऐकून ते काही बोलले नाहीत. आरडी सोडवून हँगरच्या, म्हणजे फ्रेमवरच्या ज्या तुकड्याला आरडी लटकते त्याच्या, भोकात त्यांनी वाकडेपणा मोजायच्या गेजचा दांडा पिळून बसवला. चाकाचा व्हॉल्व्ह खूण म्हणून धरला, आधी वर, मग खाली, मग दोन्ही बाजूंना रिमपासून दांड्याच्या टोकापर्यंतचं अंतर बघितलं. प्रत्येक वेळी चाक फिरवून तोच व्हॉल्व्ह टोकासमोर आणला, म्हणजे रिमची वाकडतिकड हिशेबात येऊ नये. वरच्यापेक्षा खालचं अंतर 9 मिलिमीटरने कमी भरलं. चारपर्यंत चालतं म्हणाले. मग त्याच दांड्याने हळूहळू, श्वास धरून, हँगर बाहेर ओढला. ॲल्युमिनियमचा तुकडा तो. फ्रेम वाचावी म्हणून आधी वाकणं हेच त्याचं काम. "एकदा सरळ केलाय, पुन्हा वाकला तर बदला," म्हणाले. फ्रेमगणिक हँगर बहुधा वेगळा असतो, तेव्हा दादाच्या फ्रेमचा शोधून एक जास्तीचा घरात ठेवायला हवा.

"पार्सलमध्ये वाकला असेल मग," पैसे घेताना ते म्हणाले. मी मान हलवली. म्हणजे दुसऱ्यांदा.

रस्ताभर तेच डोक्यात. दादाच्या कॉलेजच्या सायकलला दांडीवर साधे लिव्हर होते, ठरलेला खटका नाही. तो कानाने गिअर लावायचा, कुरकुर थांबेपर्यंत बोटाने थोडं मागे, थोडं पुढे. खटक्याचे गिअर शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एस या त्यांच्या गिअरसंचावर आणले. खटका वाजला म्हणजे केबल ठरलेली तेवढी ओढली गेली, एवढीच त्याची ग्वाही. पलीकडे हँगर वाकलाय का, चेन कुठे पोचली, यातलं त्याला काही कळत नाही. मी पंधरा दिवस खटका मोजत होते.

आणि सायकल पडली होती. मला माहीत होतं. त्याच शनिवारी संध्याकाळी धाकटी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली आणि धाडकन आवाज आला. उजव्या अंगावर, म्हणजे आरडीवरच. माझा फोन कानाला होता, वहिनी बोलत होती. ती सांगत होती ते ऐकायचंही होतं आणि नकोही होतं. दारात येऊन धाकटीने विचारलं, "आई, काही झालं का गं?" मी तिकडे न बघताच म्हटलं, "काही नाही झालं." तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच.

तिला सांभाळून घ्यावं म्हणून म्हटलं असं आज दुपारपर्यंत वाटत होतं. तसं नाही. उठून बघायला लागू नये म्हणून म्हटलं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट बिघडलेली मला बघवली नसती. आणि एकदा 'काही नाही झालं' म्हटल्यावर माझाच त्यावर विश्वास बसला, इतका की केबल बदलली, आउटर नीट केला, पण वाकून मागून एकदा बघितलं नाही.

जेवणं झाल्यावर तिला गॅलरीत बोलावलं. ती दारातच उभी राहिली. म्हटलं, हँगर वाकला होता, काकांनी सरळ केला.

"मी पाडली तेव्हा?"

"हो."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने मोठा श्वास सोडला आणि आत आली. "मला माहीतच होतं," म्हणाली. "तू रोज रात्री दुरुस्त करत बसायचीस ना." मग थोड्या वेळाने, "तू काही नाही झालं का म्हणालीस?"

मी म्हटलं, "बघितलं नव्हतं मी."

तिने मान डोलावली. तेवढं तिला पुरलं असावं, मला नाही. पण ती तोवर खाली बसली होती. मी मागचं चाक उचलून धरलं, तिने पॅडल फिरवलं आणि प्रत्येक खटक्याला मोठ्याने दाते म्हणत गेलो. 11, 12, 13, 14, 16, 18, 20, 22, 25, 28. 32 वर तिने हात थांबवला आणि कान चाकाजवळ नेला.

टिक-टिक नाही.

आरडीला स्पोकमध्ये जाण्यापासून अडवणारा आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू मी सायकल पडण्याआधीच्या हँगरवर लावला होता, मधल्या दिवसांत मी त्याच्याशीही खेळले. जोर लावून बघितल्याशिवाय घाटात न्यायची नाही. उद्या काकांना फोन करायचा, पडली होती म्हणून सांगायचं. आणि दादाला.