आमची वाटचाल : मोटर वाइंडिंगपासून रिमोटच्या हेलिकॉप्टरपर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारात आमचे दुकान वडिलांनी मोटर वाइंडिंगसाठी उघडले होते. ओलिताच्या विहिरीवरचा मोटारपंप जळाला की शेतकरी तो बैलबंडीत घालून आणायचा आणि वडील जळकी तार काढून, वेढे मोजून, नवी तार भरून द्यायचे. २००६ साली दुकान माझ्या हाती आले तेव्हा वाइंडिंगसोबत मिक्सर, रेडिओ आणि मोबाइलचे चार्जर दुरुस्त करणे एवढाच आमचा पसारा होता. रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा धंदा करायचा असे आम्ही कधी ठरवले नव्हते. तो दुरुस्तीच्या टेबलावरून दुकानात शिरला. पहिले हेलिकॉप्टर कोणते घ्यावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या गिऱ्हाइकांनी विचारला आहे की आमची वाटचाल सांगायची म्हणजे या एका प्रश्नाचे आमचे उत्तर कसकसे बदलत गेले, तेच सांगावे लागते.

सुरुवात २०११ च्या तान्ह्या पोळ्यानंतर झाली. बोजाऱ्याचे, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांना घरोघरी मिळणारे, पैसे साठवून एका मुलाने नागपूरहून मागवलेले हेलिकॉप्टर त्याचे वडील पिशवीत घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, घरात उडते, दारात आले की पडते. काहून?" मी ते काउंटरवर ठेवून उडवले, तेव्हा ते सरळ वर गेले. मग आम्ही ओट्यावर आलो. पत्र्याच्या सावलीत ते व्यवस्थित तरंगत होते, परंतु सावलीची रेघ ओलांडून उन्हात गेले की दगडासारखे खाली यायचे, आणि असे एकदा नव्हे, चार वेळा झाले. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटप्रमाणे इन्फ्रारेड किरणांवर चालणारा होता. उन्हातही तेच किरण भरपूर असतात, त्यामुळे भर दुपारी त्या खेळण्याच्या डोळ्याला रिमोटचा संदेश वेगळा ओळखूच येत नाही. मी त्यांना दिवे लागल्यावर यायला सांगितले. त्या संध्याकाळी ते हेलिकॉप्टर आमच्या ओट्यासमोर सात मिनिटे उडाले आणि बघणाऱ्यांनी रस्ता अडवला.

दुसऱ्याच महिन्यात मी नागपूरच्या सीताबर्डीवरून तसली डझनभर खेळणी आणली. ती सारी कोअॅक्सियल जातीची होती, म्हणजे एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे, दोन्ही उलट दिशांना फिरणारे. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेला फिरला की खालचे धड उलट दिशेला फिरू पाहते. मोठ्या हेलिकॉप्टरात हा पीळ शेपटीचा उभा पंखा अडवतो, तर या जातीत दोन पंख्यांचे पीळ एकमेकांना कापतात. म्हणून ते हातातून सुटले तरी भिरभिरत नाही आणि आठ वर्षांचे मूलही दहा मिनिटांत ते उडवू लागते. सायमा कंपनीचे एस१०७ हे या जातीचे सर्वांत नावाजलेले मॉडेल. त्यात ३.७ व्होल्टची, १५० मिलीअँपिअर-अवरची इवलीशी लिथियम बॅटरी असते. दिवाळीपर्यंत आमचा सगळा माल संपला आणि मला वाटले की धंदा सापडला.

तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातले निम्मे परत आले. ते मुळापासून बिघडलेले नव्हते. कोणाचे पाते तुटलेले, कोणाच्या पंख्याचा दातेरी गिअर झिजलेला, कोणाची बॅटरी मेलेली, अशी दहा-वीस रुपयांची कामे होती आणि तेवढाच सुटा भाग आमच्याजवळ नव्हता. नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडेही नव्हता. त्याचा हिशेब असा की मोडले तर नवे विकत घ्यावे. वाइंडिंगच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटणे शक्य नव्हते. तेव्हापासून आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही : ज्या मॉडेलची पाती, गिअर, मुख्य दांडा, शेपटीची मोटर आणि बॅटरी आमच्या खणात ठेवता येत नाही, ते मॉडेल कितीही स्वस्त असले तरी काउंटरवर लावायचे नाही. नवशिक्याचे पहिले हेलिकॉप्टर पडणारच आहे, आणि पहिल्या आठवड्यातच पडणार आहे. पडल्यावर ते आर्वीतच उभे राहील की कोनाड्यात जाईल, हे विकत घेतानाच ठरलेले असते.

मोठी चूक मात्र माझी स्वतःची होती. २०१४ मध्ये मी ४५० या आकारगटाचे एक जुने हेलिकॉप्टर हौसेने घेतले. ३२५ मिलिमीटरची पाती, पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या वर आणि बॅटरी ११.१ व्होल्टची. यात पात्यांचा वेग जवळजवळ कायम राहतो आणि वर-खाली जाण्यासाठी पात्यांचा कोनच बदलतो, म्हणून त्याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात. लहान खेळणी उडवून माझा हात बसला आहे असा माझा समज होता. शेतात, कपाशीच्या धुऱ्यावर, मी ते जमिनीपासून हातभर उचलले आणि तिथेच थांबवून ठेवू लागलो. जमिनीच्या इतक्या जवळ पंख्याने खाली ढकललेली हवा उसळून परत येते आणि यंत्र डुलू लागते, हे मला ठाऊक नव्हते. ते डुलले, मी घाबरून रिमोटची काठी जास्त ओढली, ते वळले आणि त्याचे नाक माझ्याकडे आले. नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते, तसाच हा प्रकार, फरक एवढाच की इथे विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. पाती कपाशीत घुसली. बोंडे, पाने आणि प्लास्टिकचे तुकडे एकाच वेळी उडाले, आणि एक तुकडा दहा पावलांवर उभ्या असलेल्या माझ्या भाच्याच्या डोक्यावरून गेला.

घरी येऊन मी गणित मांडले. असा पंखा मिनिटाला २,५०० फेरे फिरत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. दांडा वाकला होता, दोन्ही पाती गेली होती, पात्यांच्या पकडीतली आडवी सळई गेली होती आणि एक सर्व्हो, म्हणजे पात्यांचा कोन हलवणारी छोटी मोटर, गेला होता. दुरुस्तीचा आकडा इथे लिहीत नाही, कारण तो घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही. त्या दिवसापासून या गटाचे हेलिकॉप्टर नवशिक्याला विकणे आम्ही बंद केले, आणि पैसे पुढे सरकवून हट्ट करणाऱ्या गिऱ्हाइकांनाही नम्रपणे परत पाठवतो. त्यातले काही नागपूरला जाऊन घेतात, आणि महिनाभरात तेच हेलिकॉप्टर गोणीत घालून दुरुस्तीला आमच्याकडेच आणतात.

मग आम्ही काय देतो? बहुतेकांना चार चॅनेलचे, एकाच मोठ्या पंख्याचे, स्थिर कोनाच्या पात्यांचे, २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर चालणारे लहान हेलिकॉप्टर देतो, ज्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास असते. डब्ल्यूएलटॉइज कंपनीचे व्ही९११ हे त्या जातीचे, आणि आमच्या भागात बरेच जण त्यावरच शिकले. जुन्या आवृत्तीत मोठ्या पंख्यावर पंचेचाळीस अंशांत बसवलेली वजनाची दांडी असते, आणि यंत्र डुलले की ती त्याला पुन्हा सपाट आणते. नव्या आवृत्तीत दांडीऐवजी आतला जायरो, म्हणजे डुलणे ओळखणारा भाग, ते काम करतो. चार चॅनेल म्हणजे वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणे आणि जागेवर वळणे. तीन चॅनेलच्या खेळण्यात बाजूला सरकणे नसते, म्हणून त्यावर वर्षभर खेळूनही मोठ्या यंत्राचा हात येत नाही. उलट इथे शिकलेली प्रत्येक गोष्ट पुढे उपयोगी पडते. रिमोट मोड टूचाच घ्यावा, म्हणजे थ्रॉटल (वर-खाली नेणारी काठी) डाव्या हाताला, कारण आपल्याकडे शिकवणारा जो कोणी भेटेल त्याचा हात बहुधा तोच असतो.

हल्ली उंची आपोआप धरून ठेवणारी मॉडेलेही येतात. मुलांच्या हौसेसाठी ती उत्तम, परंतु ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याला मी ती देत नाही. थ्रॉटल हातात तोलून धरण्याची सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर नंतर ती लागायला फार त्रास होतो. याबाबत आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाचे मत वेगळे आहे, आणि विक्री त्याच्या मताच्या मालाची अधिक होते, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

विकण्याआधी आम्ही तीन गोष्टी विचारतो : कुठे उडवणार, कधी उडवणार आणि मोडल्यावर स्क्रू कोण खोलणार. गावातल्या मोठ्या खोलीत किंवा जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये उडवणाऱ्याला कोअॅक्सियलही चालते. मोकळ्या मैदानात मात्र ते वाऱ्याबरोबर पतंगासारखे वाहत जाते. वेळेचा प्रश्न तर आमच्याकडे सर्वांत महत्त्वाचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हिवाळ्यातल्या सकाळच्या मानाने हवा सुमारे दहाव्या हिश्श्याने विरळ झालेली असते. पात्याला तेवढी पकड कमी मिळते आणि त्याच उंचीसाठी मोटरला अधिक राबावे लागते. शिवाय दुपारी काळ्या रानावर वावटळ कुठून उठेल, याचा नेम नसतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते साडेसात, आणि त्यानंतर डब्यात.

बॅटरीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. एका गिऱ्हाइकाने तीन बॅटऱ्या पूर्ण भरून उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्या आणि लग्न आटोपून परत येईपर्यंत त्या पापडासारख्या फुगल्या. तेव्हापासून प्रत्येक बॅटरीसोबत आम्ही मराठीत लिहिलेली चिठ्ठी देतो : एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आठवडाभर वापर नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी, उडवून गरम झालेली लगेच चार्जिंगला लावू नये आणि फुगलेली पुन्हा कधीही वापरू नये. बॅटऱ्या आणण्याचा त्रास वेगळाच. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, त्यामुळे आमच्या पेट्या रस्त्यानेच येतात आणि पोळ्याचा साठा आम्हाला आषाढातच सांगून ठेवावा लागतो.

शिकण्याची पायताणे, म्हणजे हेलिकॉप्टरखाली बांधायची आडवी-उभी काठी, आम्ही बाहेरून मागवत नाही. बुरडाकडून बांबूच्या चार सारख्या कामट्या सोलून घेतो, त्या फुलीसारख्या रबराने बांधतो आणि टोकांना प्लास्टिकचे हलके चेंडू खोचतो. लहान यंत्राला हे वजन पेलत नाही, पण थोड्या मोठ्या यंत्राला फार उपयोगी पडते. ते तिरपे टेकले तरी पाते जमिनीला लागत नाही. पहिले पंधरा दिवस शेपटी आपल्याकडे ठेवून नुसते एका जागी, कमरेच्या उंचीवर तरंगत ठेवायचे, मग बाजू आपल्याकडे ठेवून, आणि नाक आपल्याकडे करणे सर्वांत शेवटी. हे शिक्षण आम्ही शनिवारी सकाळी मैदानावर फुकट देतो. त्यात धंद्याचा स्वार्थ आहे, कारण ज्याला उडवता येते तोच सुटे भाग घ्यायला परत येतो.

२०२० नंतरची दोन-तीन वर्षे कठीण गेली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले, पाठोपाठ टाळेबंदी आली, १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. नवा माल आणणे जवळजवळ थांबले. त्या काळात आम्हाला खणातल्या सुट्या भागांनी जगवले. घरोघरी पडून असलेली जुनी हेलिकॉप्टरे लोकांनी बाहेर काढली. वाकलेला दांडा काउंटरच्या काचेवर घरंगळवून पाहायचा, डुगडुगला तर बदलायचा. शेपटीची मोटर बदलताना केसाएवढ्या तारेवरचे लाखेचे आवरण दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडून मग डाग द्यायचा. ही कामे वडील चष्मा कपाळावर ढकलून माझ्यापेक्षा सफाईने करतात, कारण तार ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे.

ड्रोन नियम, २०२१ आल्यापासून आम्ही गिऱ्हाइकाला वजनाचेही सांगतो. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो गटात येते, त्यापुढे दोन किलोपर्यंतचे मायक्रो गटात. नवशिक्याने पहिल्या गटातच राहावे आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी. पुलगावला सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे त्या बाजूला खेळण्यातलेही काही उडवायचे नाही, हे आम्ही बिलावरच लिहून देतो.

सध्या दुकानात रोज एक तरी शेतकरी विचारतो, "याने फवारणी होईल का?" होणार नाही, असे सांगून आम्ही त्याला हातात रिमोट देतो आणि मागच्या खोलीत पाच मिनिटे उडवू देतो. माझे ४५० गटाचे हेलिकॉप्टर त्याच खोलीत छताला टांगलेले आहे. दांडा नवा घातला, सर्व्हो नवा घातला. पाती अजून लावलेली नाहीत.