मोशेची जड जीभ

बुधवार, रात्री साडेदहा

रविवारी शास्त्रपाठ मी वाचायचाय. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा 'हो' म्हणून गेलो. आज उतारा कळला. पवित्र शास्त्रातलं गणना हे पुस्तक, अध्याय 20, पहिली 13 वचनं. पहिल्याच वचनात मिर्याम, पुढे तिचा भाऊ मोशे, मोशे, मोशे आणि शेवटी मरीबाचं पाणी. माझी जीभ अडते ती नेमकी 'म'वर. ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. शाळेत 'मराठी' म्हणायला लागू नये म्हणून मी आवडता विषय भूगोल सांगायचो.

संध्याकाळपासून मोशेच घेऊन बसलोय. होरेब डोंगरावर जळत्या झुडपापुढे उभा असताना तो देवाला स्वच्छ सांगतो की मला बोलता येत नाही, माझं तोंड जड, जीभ जड. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटा थापणाऱ्या आपल्या इस्राएली लोकांना सोडवायला तिथल्या राजापुढे, फारोपुढे उभं राहायचंय आणि याला शब्दांची धास्ती. वय 80. इतक्या वर्षांनीही ती गेली नव्हती, हे वाचून मला धीर येतो.

यहुदी परंपरेत याचं कारण सांगणारी कथा आहे. फारोच्या महालात बाळ मोशेपुढे सोनं आणि निखारा ठेवला, देवदूताने त्याचा हात निखाऱ्याकडे वळवला, तो त्याने तोंडाला लावला आणि जीभ पोळली. मला ही कथा नको वाटते. माझ्या आईलाही लोक विचारायचे, लहानपणी काही झालं होतं का? काही झालं नव्हतं. पवित्र शास्त्रात कारण दिलेलं नाही, तेच बरं.

देव त्याची जीभ मोकळी करत नाही. माणसाला तोंड कोणी दिलं, एवढं विचारतो आणि म्हणतो, मी तुझ्या मुखाबरोबर असेन. तरीही मोशे म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा देव रागावतो आणि तीन वर्षांनी थोरल्या भावाला, अहरोनाला बोलायला सोबत देतो. पुढे सोन्याचं वासरू घडवून 'सोनं आगीत टाकलं, त्यातून हे वासरू निघालं' असं सांगणारा हाच सफाईने बोलणारा भाऊ. अडणाऱ्या माणसाला इतकी सोपी थाप सुचत नाही.

मिर्यामला कोड उठलं तेव्हा मोशेने केलेली प्रार्थना मूळ हिब्रूत जेमतेम पाच शब्दांची आहे. देवा, तिला बरं कर, एवढीच. मला ती सगळ्यात जवळची वाटते. जास्त शब्द लागलेच नाहीत.

आणि आता रविवारचा उतारा. कादेश इथे मिर्याम मरते. तान्ह्या भावाची पेटी नाईलच्या लव्हाळ्यांत ठेवली तेव्हा लांबून राखण करत उभी होती ती बहीण. शास्त्रात तिच्या मरणासाठी एकच वचन आहे, आणि लगेच लोक पाण्यासाठी भांडायला येतात. देव सांगतो, खडकाशी बोल. मोशे लोकांवर ओरडतो आणि खडकावर काठी मारतो, दोनदा. पाणी भरपूर येतं, पण वचनदत्त देशात पाऊल टाकणं त्याच्या नशिबातून जातं. यावर विश्वासाचे धडे मी पुष्कळ ऐकलेत. मला मात्र वाटतं, त्या दिवशी त्याच्या गळ्यात शब्दच नव्हता. बहिणीला नुकतं पुरलं होतं.

नंतर मवाब देशात, मिसर सोडल्यापासूनच्या 40व्या वर्षाच्या 11व्या महिन्यात, तो बोलायला लागतो आणि अनुवाद नावाचं अख्खं पुस्तक भरतो. हिब्रूत त्या पुस्तकाचं नाव देवारिम, म्हणजे शब्द. झुडपापुढे 'मी शब्दांचा माणूस नाही' म्हणताना त्याने हाच शब्द वापरला होता.

नऊ वाजता ताईला फोन लावला. लहानपणी वाण्याकडे माझ्या वतीने तीच बोलायची, माझा शब्द अडला की पुरा करून टाकायची. म्हटलं, ऐक, वाचून दाखवतो. 'मि...'वर अडलो. बराच वेळ. पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. तिने तो बंद केला आणि थांबून राहिली. मिर्याम मीच म्हटलं.