गायकाविना गाणारी धून : 'टेलस्टार'

ज्यात गाणारा कोणीच नाही असे गाणे लाखो लोकांच्या ओठांवर कसे रुळते, हा प्रश्न 'टेलस्टार' ऐकताना मला दरवेळी पडतो. १० जुलै १९६२ रोजी अमेरिकेने याच नावाचा दळणवळण उपग्रह सोडला आणि त्याच महिन्यात अटलांटिकच्या एका किनाऱ्यावरची दूरचित्रवाणीची चित्रे दुसऱ्या किनाऱ्यावर थेट दिसू लागली. त्या नवलाईने भारावलेल्या जो मीक या लंडनमधील ध्वनिमुद्रकाने ही धून रचली, आणि 'द टोर्नेडोज' या वाद्यवृंदाच्या नावाने तिची तबकडी ऑगस्टमध्ये बाजारात आली. ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. डिसेंबरमध्ये तिने अमेरिकेतही पहिला क्रमांक पटकावला. ब्रिटिश वाद्यवृंदाला तिथे हा मान प्रथमच मिळत होता, कारण बीटल्सची लाट यायला अजून वर्षभराचा अवकाश होता.

या धुनेचे सगळे मर्म, माझ्या मते, ती कोणत्या वाद्यावर वाजली आहे यात आहे. क्लॅव्हिओलिन हे जुन्या रेडिओत असत तशा निर्वात नळ्यांवर चालणारे, मोजक्या पट्ट्यांचे विजेचे वाद्य एका वेळी एकच स्वर काढू शकते. मराठी वाचकाला ते नावाने परके वाटले, तरी कानांना परके नाही; १९५४च्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातील ज्या पुंगीवर आजही वरातीत माणसे फणा काढून नाचतात, ती पुंगी कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती. स्वरांचे थर रचण्याची सोय नसल्यामुळे वाजवणाऱ्याला सारी भिस्त चालीवर ठेवावी लागते, आणि आपल्यासारख्या, एकाच स्वरावलीचा माग काढत संगीत ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना ती चाल लगेच आपलीशी वाटते. ती चढते, किंचित रेंगाळते आणि पुन्हा चढते. पहिल्या दोन ओळी ऐकल्या की तिसरी कोठे जाणार याचा अंदाज येतो, आणि तो खरा ठरल्याचा आनंदही मिळतो.

मीकला स्वरलेखन येत नव्हते. तो चाल तोंडाने गाऊन फितीवर भरत असे आणि जाणकारांना तिच्यातून स्वर वेचून काढावे लागत. गळ्यातून निघालेली चाल असल्यामुळेच की काय, तिच्यात दमसास घेण्याच्या जागा आपसूक आल्या आहेत. होलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या घरात त्याने ध्वनिमुद्रणाचा संसार थाटला होता. टोर्नेडोजनी घोड्याच्या टापांसारखा दौडता ठेका आणि गिटार वाजवून दिल्यावर जेफ गॉडर्ड या मीकच्या सहकाऱ्याने त्यांवर क्लॅव्हिओलिन चढवले. सुरुवातीची घरघर आणि सूं-सूं हे अवकाशयानाचे आवाज म्हणून ऐकवले जातात, पण त्यांतला घरगुतीपणा लपत नाही, आणि मला तो लपू नये असेच वाटते. मधल्या भागात चाल गिटारकडे जाते, तेव्हा क्षणभर सारे साधे, ओळखीचे होते. मग क्लॅव्हिओलिन परतते आणि शेवटच्या फेरीत गॉडर्डचा शब्दहीन आवाज त्याच स्वरांवर जाऊन बसतो. वाद्य कोठे संपले आणि गळा कोठे सुरू झाला हे नीट उमगत नाही. तबकडीवरची सर्वांत सुंदर जागा हीच. पुढे अनेकांनी ही धून अधिक स्वच्छ, अधिक सफाईदार यंत्रांवर वाजवली, परंतु त्यांतून नेमका हा संभ्रमच निसटला.

पहिल्यांदाच ऐकतानाही आधी कोठेतरी ऐकल्यासारखी वाटणे, ही या चालीची मोठी ताकद आहे. मीकला मात्र अशाच साधर्म्याचा आरोप महागात पडला. १९६०च्या 'ऑस्टरलिट्झ' या चित्रपटातील आपल्या संगीतावरून ही चाल उचलली आहे, असा दावा झाँ लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने केला, आणि खटला चालू असेपर्यंत मीकच्या मानधनाचा ओघ अडून राहिला. कर्ज आणि मनोविकार यांच्या कात्रीत सापडलेल्या मीकने ३ फेब्रुवारी १९६७ रोजी आपल्या घरमालकिणीला गोळी घालून स्वतःचेही जीवन संपवले. चाल त्याचीच असल्याचा निकाल त्यानंतर काही आठवड्यांत लागला.